नऊ नंबरची सीडी

शनिवारी दुपारी शाळेच्या संगणक कक्षात अकरा संगणकांना एक हुकूम दिला गेला. सोमवारी समिती आली. मंगळवारी यशवंत रोकडे सरांना उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं.

मी त्या शाळेत ग्रंथपाल होते. घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्याला शाळा. वाचनालय आणि संगणक कक्ष यांच्यात एकच भिंत होती आणि त्या भिंतीत एक दार होतं. दाराची किल्ली माझ्याकडे असे. सात वर्षं रोकडे सर सकाळी येऊन "बाई, उघडता का?" म्हणत आणि मी उघडत असे. त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे, ते बहुतेक त्या दारातून पाहिलेलं आहे.

सर जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकचे. आठवडाभर शिनोलीत एका खोलीत राहत आणि शनिवारी शाळा सुटली की घोडेगाव, मंचर, नारायणगाव अशा एसट्या बदलत घरी जात. घरी बायको आणि मुलगी. नव्वदच्या दशकात मंचरला एका छापखान्यात त्यांनी संगणकावर लग्नपत्रिका जुळवल्या होत्या. "निम्म्या तालुक्याची लग्नं मी लावलीत, बाई," असं ते म्हणत. "आन एकाबी नवऱ्याचं नाव चुकवलं नाय."

अंगाने किरकोळ. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक बारीक स्क्रूड्रायव्हर. बोलणं सावकाश. संगणक कक्षात शिरण्याआधी ते नळावर हात धुवून रुमालाने कोरडे करत, मग चपला बाहेर काढत. मुलांनाही तसंच करायला लावत. आमच्या स्टाफरूममध्ये या गोष्टीवर हसत असत. मीही हसले असेन.

त्यांची नेमणूक मानधनावर होती. दर जूनला नवा आदेश निघे आणि उन्हाळ्यात संपे. कायम शिक्षकांना चहा कपबशीतून येई, मानधनवाल्यांना काचेच्या ग्लासातून. हा नियम हेडक्लार्क भाऊसाहेबांनी केला होता, आणि तो कुठे लिहिलेला नव्हता. त्या वेळी शाळेत मानधनवाले दोनच होते. दुसरे एक चित्रकलेचे शिक्षक; त्यांना वर्षभरात कपबशी मिळाली. रोकडे सरांना सात वर्षांत मिळाली नाही. त्यांचं घराणं छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं आणि त्याविषयी कुणी कधी काही बोलत नसे. मी एकदा त्यांच्या ग्लासाकडे जरा जास्त वेळ पाहिलं असावं. ते म्हणाले, "ग्लासात जास्त बसतो, बाई." आणि प्यायले.

आमच्याकडे सूचना वही होती, सगळ्याच शाळांत असते तशी. मुख्याध्यापकांची सूचना त्यात लिहिली जाई आणि किसनमामा शिपाई ती वही घेऊन वर्गावर्गात फिरत. शिक्षक शिकवता शिकवता एका हाताने सही करत आणि खडू न थांबवता वही परत देत. सूचना वाचण्याची पद्धत नव्हती. वर कुणाच्या तरी सह्या आहेत म्हणजे ठीकच असणार असं प्रत्येकाला वाटे. पहिली सही करणाऱ्याला काय वाटे, कुणास ठाऊक.

रोकडे सर सूचना वाचत. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बोट ठेवून.

"करा की सर सही," किसनमामा म्हणत. "आजून सात वर्ग ऱ्हायल्यात."

"वाचून करतो, मामा."

"सायबांनी सोता लिवलीया, त्यांनी बी परत वाचली न्हाई. तुमीच एकटं वाचनारं!"

"आमच्या आज्याला वाचता येत नव्हतं. कागद आला की वाचणारा हुडकत गावभर फिरायचा. मला येतंय, तर मी नाय वाचायचं व्हय?"

एकदा वही त्यांच्याकडे गेली तेव्हा तिच्यावर चोवीस सह्या झाल्या होत्या. घटक चाचणीच्या गुणांचे तक्ते एकतीस नोव्हेंबरपर्यंत द्यावेत, अशी सूचना होती. सरांनी सहीच्या जागी लिहिलं, 'नोव्हेंबर तीस दिवसांचा आहे. सोय व्हावी.' चोवीस जणांत माझीही सही होती. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून सांगितलं की सूचना वहीत शेरे मारायचे नसतात. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "शहाणपणा लई आलाय." कोण म्हणालं ते मला आठवतं, पण लिहीत नाही.

शाळेचे संगणक पुण्यातल्या एका कंपनीने वापरून काढून टाकलेले होते. परवान्याशिवाय विकतची प्रणाली टाकायला सर तयार नव्हते, म्हणून अकराही यंत्रांवर त्यांनी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली बसवली होती. लिहिण्याचा, तक्ते करण्याचा, चित्रं काढण्याचा असे सगळे कार्यक्रम त्यात पॅकेजच्या रूपात येत. सर त्यांना बोचकी म्हणत. नव्या आवृत्त्यांच्या सीडी पुण्याच्या एका मित्राकडून ते महिन्या-दोन महिन्यांनी आणत, कारण शाळेच्या फोनच्या तारेवरून काही उतरवायचं म्हणजे दिवस जाई. मग माऊस बाजूला सारून काळी खिडकी उघडत आणि हुकूम टाईप करत. यंत्र हिशेब करी की कुठलं बोचकं बदलायचं, त्याला दुसऱ्या कुणाचा आधार लागतो, आणि जागा होण्यासाठी कुणाला काढावं लागेल. ते सगळं पडद्यावर मांडून ते विचारी, पुढे जाऊ का? त्यातला 'हो' मोठ्या अक्षरात असे. म्हणजे काहीही न लिहिता नुसतं एन्टर दाबलं तरी उत्तर 'हो' धरलं जाई.

"हितंच माणूस फसतो," सर मुलांना सांगत. "त्यानं तुमाला विचारलंय. एवढा मान कोण देतंय का आपल्याला? मग वाचा की. येणारे कोण ते नंतर. आधी जाणारे कोण ते वाचायचं."

"सर, यादी लई मोठी हाय."

"मग लई वेळ वाच."

आणि ते स्वतः हजेरी घेतल्यासारखी यादी मोठ्याने वाचत. भिंतीपलीकडून मला ती इंग्रजी नावं ऐकू येत. एखाद्या नावाशी ते थांबत. "ह्याला का काढतोय? ह्यानं काय केलं?" मग उत्तर 'नाही' असं देऊन चौकशी सुरू होई.

हुकूम दोन होते. एक छोटा, अ‍ॅप्ट-गेट अपग्रेड. तो आहे त्यांना नवं करी, पण कुणाला काढत नसे. दुसरा मोठा, अ‍ॅप्ट-गेट डिस्ट-अपग्रेड. तो सगळंच एका दमात नवं करी आणि त्यासाठी हवं ते काढी. मोठा हुकूम सर वर्षातून एखाद्या वेळी देत. तोही आधी फक्त अकरा नंबरच्या यंत्रावर, जे सर्वांत जुनं होतं. "म्हाताऱ्यानं झेपवलं तर बाकीचे झेपवत्यात," असं त्यांचं म्हणणं. मग त्यावर लिहिण्याचा कार्यक्रम उघडून ते एक वाक्य टाईप करत: ज्ञानूच्या म्हशीने दुसऱ्याच्या वावरातल्या कणसांवर लक्ष ठेवले. त्या काळात मराठीची जोडाक्षरं संगणकावर सहज फुटत, आणि फुटणारी बहुतेक अक्षरं त्या वाक्यात होती. म्हैस नीट उमटली की मगच दहा नंबर, नऊ नंबर असं एकेक पुढे.

"सर, ह्यो ज्ञानू कोण?" एका मुलीने विचारलं होतं.

"माझा चुलता. म्हैस बी खरी हाय. आन लक्ष बी खरंच व्हतं तिचं."

माझ्यावर त्यांचा एक उपकार आहे, तो सांगायला हवा. वाचनालयातल्या सहा हजार पुस्तकांची यादी मी दोन वर्षं बसून चार नंबरच्या यंत्रावर उतरवली होती. एका नव्या आवृत्तीनंतर ती उघडली तर मराठीच्या जागी चौकोन. मी खुर्चीत बसून राहिले. सरांनी पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "यादी कुठंच गेली नाय, बाई. तिला वाचणारा बदललाय फक्त." त्यांनी जुनी सीडी शोधली, जुनं बोचकं परत बसवलं आणि एक हुकूम देऊन ते तिथेच अडकवून ठेवलं. "याला सांगितलंय, बाकी सगळे पुढं गेले तरी तू हितंच थांब. बाईंची यादी तुला वाचता येती." त्या दिवशी त्यांची नारायणगावची एसटी चुकली.

अशी सात वर्षं झाली. मग संस्थेने ठरवलं की संगणक शिक्षकाचं कायम पद निर्माण करायचं. त्यासाठी संस्थेची समिती येऊन कक्ष पाहणार, आणि ठीक वाटलं तर रोकडे सरांचं नाव पुढे पाठवणार. सर त्याबद्दल बोलत नसत. एकदाच, पुस्तक परत करताना म्हणाले, "कायम झालो, तर पोरीला आन तिच्या आईला शिनोलीला आणीन. शाळा चांगली हाय आपली. पोरीला हितंच घालायची."

'आपली' हा शब्द त्यांनी वापरला.

समिती सोमवारी येणार होती. त्याच्या आदल्या आठवड्यात नव्या आवृत्तीचा चौदा सीडींचा संच आला. सरांनी त्या एकेक करून एक नंबरच्या यंत्रात उतरवल्या. तिथून बाकीची यंत्रं तारेने त्या घेऊ शकत. नऊ नंबरची सीडी मात्र वाचली जाईना. पुसली, धुतली, दुसऱ्या यंत्रात घालून पाहिली. शेवटी त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं की शनिवारी सकाळीच पुण्याला जाऊन नवी प्रत आणतो, तोवर जुनंच राहू द्या. भाऊसाहेब तिथेच होते.

"तेरा आल्या ना? मग एका सीडीवाचून काय अडलंय?"

"भाऊसाहेब, मराठी लिहायचं, पडद्याचं, निम्मं त्याच सीडीत हाय. संच अर्धा असताना मोठा हुकूम दिला, तर यंत्र म्हणणार की नवं मिळत नाय, मग जुनं काढून टाकतो."

"यंत्र म्हणणार!" भाऊसाहेब हसले. "यंत्र काय म्हणतं ते राहू द्या, तुम्ही यंत्राला काय सांगता ते बघा जरा."

शनिवारी सर पुण्याला गेले. दुपारी शाळा सुटल्यावर भाऊसाहेब वाचनालयात आले. त्यांच्या हातात एक पाकीट होतं. मुख्य पासवर्ड सरांनी नियमाप्रमाणे बंद पाकिटात कार्यालयात ठेवला होता. पाकीट फोडलेलं होतं.

"बाई, दार उघडा."

"सर नाहीत."

"म्हणून तर. सोमवारी पाहुण्यांना नवं दिसलं पाहिजे, साहेबांनी सांगितलंय. हे बसतात आहेर वाचल्यासारखे याद्या वाचत. त्यांची ती हुकुमांची वही कपाटात आहे ना? तुम्हाला इंग्रजी नीट येतं. तुम्ही वाचा, मी टाईप करतो."

मी दार उघडलं. कपाटही उघडलं. सरांच्या वहीत दोन्ही हुकूम सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. मोठ्याच्या खाली तांबड्या शाईने लिहिलं होतं, 'संच पुरा असेल तरच. जाणाऱ्यांची यादी मोठ्याने वाचावी.'

"यातला सगळं नवं करणारा कुठला?" भाऊसाहेबांनी विचारलं.

मी सांगितला. तांबड्या शाईतली ओळ मी वाचून दाखवली नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

एक नंबरच्या पडद्यावर नावं धावली आणि थांबली. भाऊसाहेबांचं बोट एन्टरवर होतं.

"काय विचारतंय?"

"पुढे जायचं का, विचारतंय."

"मग काय, जा म्हणावं."

माझं इंग्रजी तेवढं होतं. 'काढली जातील' या मथळ्याखाली दहा-बारा ओळी भरून नावं होती आणि त्यांत लिहिण्याच्या कार्यक्रमाचं नाव होतं. ते मी पाहिलं. थांबा म्हणायला एक क्षण पुरेसा होता. पण भाऊसाहेबांना थांबा म्हणण्याची आमच्याकडे सवय नव्हती. माझी वेतनवाढ, माझ्या रजा, माझे सगळे कागद त्यांच्या टेबलावरून जात. आणि खरं सांगायचं तर, तो प्रश्न मला सूचना वहीसारखाच वाटला. कुणीतरी वर ठरवलं आहे, आपण फक्त सही करायची.

एका यंत्रावर करून पाहावं, कार्यक्रम उघडावा, एक वाक्य लिहावं, असंही आम्ही केलं नाही. भाऊसाहेब एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर सरकत गेले आणि अकराही ठिकाणी एन्टर दाबलं. माझ्या यादीसाठी अडकवून ठेवलेलं बोचकंसुद्धा एका ठिकाणी आडवं आलं. तिथे यंत्राने तक्रार केली, तेव्हा भाऊसाहेबांनी ते सोडवायला लावलं. कसं सोडवायचं तेही सरांच्या वहीत होतं. मी वाचून दाखवलं.

दोन तासांनी यंत्रं बंद करून पुन्हा सुरू केली. पडदे काळे होते आणि प्रत्येकावर नाव विचारणारी एक पांढरी ओळ. चित्र नाही, खिडकी नाही, मराठी नाही.

भाऊसाहेबांनी एक नंबरचा माऊस दोनदा हलवून पाहिला. मग म्हणाले, "सोमवारी बघतील रोकडे. त्यांचंच काम आहे." दिवे घालवले आणि गेले.

पुण्याहून सर परस्पर घरी जाणार होते. बोरीतल्या एका किराणा दुकानाचा फोन नंबर माझ्या डायरीत होता. सरांनीच दिला होता, काही अडलं तर निरोप ठेवा म्हणून. शनिवारी संध्याकाळी निरोप मिळाला असता, तर ते रविवारी आले असते. त्यांना एक दिवस पुरला असता. मी शनिवारी फोन केला नाही. रविवारीही केला नाही. फोन केला, तर कुणी केलं हे सांगावं लागलं असतं.

सोमवारी सर साडेनऊला आले. नऊ नंबरची सीडी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलेली होती. हात धुतले, चपला काढल्या. "बाई, उघडता का? मिळाली सीडी."

मी उघडलं.

ते एक नंबरसमोर बसले. यंत्रात आधी दिलेले हुकूम पाहण्याची सोय असते, ती त्यांनी वापरली. पडद्यावर जे उमटलं ते त्यांनी वाचलं, नेहमीसारखं, बोट ठेवून. मग कपाटातल्या वहीकडे पाहिलं. मग दाराकडे, जिथे मी उभी होते. खिशातून सीडी काढली आणि कामाला लागले.

समिती अकराला आली. तोवर तीन यंत्रं उभी राहिली होती. आठ पडदे काळे होते. समितीचे एक सदस्य सोन्याच्या काड्यांच्या चष्म्यातून ते पाहत म्हणाले, "सात वर्षं हेच का?"

मुख्याध्यापक म्हणाले, "कक्ष पूर्णपणे त्यांच्याच ताब्यात असतो."

भाऊसाहेब म्हणाले, "आम्हाला त्यातलं काय कळतंय, साहेब."

सर उठून उभे राहिले. "शनिवारी मी नव्हतो साहेब. माझ्या मागं कुणीतरी हुकूम दिलाय. यंत्रात वेळ नोंदलेली हाय, दुपारची."

"कुणी?" सदस्यांनी विचारलं. "किल्ली कुणाकडे असते?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. बोट दाखवलं नाही. नुसतं म्हणाले, "बाई?"

"मला काही माहीत नाही," मी म्हणाले. "शनिवारी दार बंद होतं."

त्यावर सर खाली बसले.

मंगळवारी सकाळी सूचना वही फिरली. संगणक निदेशक श्री. रोकडे यांची सेवा निष्काळजीपणामुळे थांबवण्यात येत असून त्यांच्या तासांची व्यवस्था पुढीलप्रमाणे, असं तिच्यात होतं. मी ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. आणि सही केली.

सर त्या दिवशी गेले नाहीत. उरलेली आठ यंत्रं दुरुस्त करत बसले. किसनमामा दारात उभे राहून पाहत होते.

"सर, कशापायी करताय आता? काडलं ना तुमाला?"

"पोरांची परीक्षा हाय, मामा."

"त्यांची त्यांनी बगावी की! ज्यानं मोडलं त्यानं नीट करावं."

"त्याला येत नाय ना," सर म्हणाले, आणि किसनमामा हसले. सरही थोडे हसले. शाळेत त्यांचं हसणं मी ऐकलं ते शेवटचं.

पाचच्या सुमाराला ते वाचनालयात आले. घेतलेली दोन पुस्तकं टेबलावर ठेवली. एका पुस्तकाचा कोपरा मुडपलेला होता, तो बोटाने सरळ केला.

"चार नंबरवर तुमची यादी उघडतीय, बाई. बघून घ्या."

मी बरं म्हणाले.

"एक काम व्हतं. नोकरीचं नाय म्हणत मी. ती गेली. पण पोरांना मी सात वर्षं सांगत आलो, आधी वाचा. आता पोरं म्हणत्यात, सरांनीच वाचलं नाय. तेवढं नको वाटायला त्यांना. तुमी एक ओळ लिहून द्या, का शनिवारी मी हजर नव्हतो. कुणी केलं ते लिहू नका. माझ्यापुरतं लिहा. मी वर्गात लावतो आन जातो."

"देते," मी म्हणाले.

"आता?"

"उद्या देते. किसनमामांच्या हाती पाठवते."

टेबलावर कागद होते. पेन माझ्या हातात होतं. मग त्यांनी मान हलवली आणि गेले. मी ती ओळ दुसऱ्या दिवशी लिहिली नाही, त्या आठवड्यात नाही, त्या वर्षात नाही. घरी अनेकदा लिहून पाहिली. सहा-सात शब्दांची ओळ होती.

मुलांनी काय मानलं ते मला पुढच्या वर्षी कळलं. संगणक शिकवायला नवे सर आले आणि त्यांनी कसला तरी प्रश्न न वाचता 'हो' म्हणून टाकला, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "रोकडे झाला!" वर्ग हसला. भिंतीपलीकडे मला स्पष्ट ऐकू आलं. शाळेत तो वाक्प्रचार दोन-तीन वर्षं चालला.

तीन वर्षांनी पारगावला एका नात्यातल्या लग्नाला गेले होते. परतताना स्टँडसमोर झेरॉक्सचं एक दुकान दिसलं. सर बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. केस बरेच पांढरे झाले होते. मी मान वळवून पुढे जाणार, तेवढ्यात ते उठले.

"बाई! हिकडं कुठं?"

त्यांनी खुर्ची मला दिली आणि स्वतः उभे राहिले. दुकान दुसऱ्याचं, ते तिथे कामाला. साखर कारखान्यावर येणाऱ्या लोकांचे अर्ज टाईप करून देत. मुलगी दहावीत होती, बोरीहून सायकलने शाळेत जात होती. वाचनालयात नवीन काय आलं, असं त्यांनी विचारलं. मी दोन-तीन पुस्तकांची नावं सांगितली. चहा मागवला, तो आम्ही दोघांनी प्यायला. त्या एका ओळीबद्दल ते बोलले नाहीत. मी बोलेन म्हणून त्यांनी वाटही पाहिली नाही. तेवढं मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"मंचरची येईल आता," म्हणत ते रस्त्यापर्यंत आले. एसटी खच्चून भरलेली होती. त्यांनी कंडक्टरला हाक मारली, "आवं भाऊ, आमच्या शाळेच्या बाई हाईत. जागा द्या जरा." कुणीतरी उठलं. मी खिडकीशी बसले. गाडी हलली तेव्हा ते दुकानाकडे परत निघाले होते, पाठमोरे, एका हातात रिकामे दोन ग्लास.

पुढच्या वर्षी ते गेले. झोपेतच, छातीत दुखून. वय पंचेचाळीसच्या आत. किसनमामांनी सांगितलं तेव्हा दहावा उलटून गेला होता. मी बोरीला गेले. घराच्या पुढे पडवी, आत एक खोली. त्यांच्या बायकोने मला बसायला सतरंजी टाकली.

"तुमी लायब्रीच्या बाई नव्हं?" त्या म्हणाल्या. "लई नाव काढायचे तुमचं. म्हणायचे, त्या साळंत वाचनारं मानूस एकच व्हतं."

मुलगी दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मी पाणी प्यायले. शेताचं विचारलं, मुलीच्या कॉलेजचं विचारलं. सांगायचं ते तिथेही सांगितलं नाही आणि चारच्या एसटीने परत आले.

भाऊसाहेबांच्या निरोपसमारंभात, शाळेत संगणक टिकवले ते त्यांनी, असं एका वक्त्याने सांगितलं. टाळ्या वाजल्या. मीही त्या सभागृहात होते.

मी निवृत्त झाले त्याला आता काही वर्षं झाली. निवृत्तिवेतन वेळेवर येतं. कायम नोकरांचं सेवापुस्तक असतं; माझ्या सेवापुस्तकात एकही प्रतिकूल शेरा नाही. रोकडे सरांचं सेवापुस्तक शाळेत कधी उघडलंच गेलं नव्हतं.